आधी फेडतो, मग येतो

पत्र: ताई, सलाम. मी सांगली जिल्ह्यातला, वय 61. आमच्या चर्चच्या मंडळीचा मी बरीच वर्षं खजिनदार होतो. 7 वर्षांपूर्वी अवकाळीने द्राक्षबाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि चर्चच्या छपरासाठी जमलेल्या पैशातून मी 1 लाख 40 हजार उचलले. पुढच्या हंगामात भरीन असं मनात होतं, भरता आले नाहीत. हिशेब निघाला तेव्हा माझ्याबरोबर दान मोजायला बसणाऱ्या एका तरुण मुलावर संशय गेला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मी गप्प राहिलो. तो पुण्याला निघून गेला. त्याची आई अजून दर रविवारी उपासनेला येते, असं ऐकतो. मी खजिनदारकी सोडली आणि चर्चही सोडलं. तेव्हापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाच्याच्या हातून पाकिटात गुप्तदान म्हणून पैसे पाठवतो, आजवर 60 हजार झाले. पूर्ण फेडले की मग देवाला तोंड दाखवीन, असं ठरवलं होतं. पण गेल्या वर्षी मिरजेला हृदयाचं ऑपरेशन झालं. फेडायचे राहूनच गेलो तर? एका सभेत प्रचारकांनी बायबलमधला इब्री 6 वाचून सांगितलं, की ज्ञान मिळाल्यावर जो पडला त्याला पुन्हा पश्चात्तापाची वाट नाही. माझा एक कॅथलिक मित्र म्हणतो, फादरकडे जाऊन कबुली दे, कुठं बाहेर जात नाही, मिटून जाईल. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. मी काय करू?

भाऊ, सलाम.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी बाजूला काढते, कारण सगळा गुंता तिथंच आहे: ‘पूर्ण फेडले की मग देवाला तोंड दाखवीन.’ व्यवहारात हे बोलणं शोभतं. मानी माणूस असंच बोलतो. पण देवाच्या बाबतीत तुम्ही क्रम उलटा लावलात आणि 7 वर्षं त्यातच अडकून बसलात. मी पाळक नाही. आयुष्यभर साताऱ्यात शाळेतल्या मुलांना शिकवलं आणि रविवारच्या शाळेत गोष्टी सांगितल्या. त्यामुळे उत्तरही गोष्टींवरूनच देणार.

लूकच्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्र तुम्हाला पाठ असेल. डुकरांपुढच्या शेंगा खाव्यात असं वाटण्याइतकी गत झाली तेव्हा तो शुद्धीवर आला, आणि तिथंच त्याने बापापुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव केली. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही. मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. आता बायबल उघडून 18 व 19 ही वचनं आणि 21वं वचन शेजारी शेजारी वाचा. घरी पोचल्यावर मुलगा पाप केल्याचं बोलतो, लायकी नसल्याचं बोलतो. मोलकऱ्याचं वाक्य मात्र येतच नाही. तोवर बाप नोकरांना हाका मारायला लागलेला असतो. चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडा घाला.

ते राहून गेलेलं वाक्य फेडीचं होतं. मजुरी करीन, उडवलेलं हळूहळू भरून काढीन, कष्टाचं खाईन, उपकाराचं नको. तुम्ही 7 वर्षं तेच घोकताय. पाकिटातले 60 हजार ही त्या मोलकऱ्याची मजुरी आहे, आणि ती तुम्ही घराबाहेर राहून पाठवताय. बापाला पैशाची किंमत नव्हती असं नाही, मुलाने वाटणीची सगळी जिनगी उडवली होती. पण मुलगा दारात आल्याशिवाय ती बोलणी करायची कुणाशी? म्हणून तो लांबूनच दिसल्यावर म्हातारा धावत सुटला. धोतर सावरत रस्त्याने पळणाऱ्या कर्त्या माणसाचं गावात हसं होतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

तुम्ही म्हणाल, ताई, हे फुकटात सुटणं झालं. नाही. त्याच शुभवर्तमानात चार अध्याय पुढे जक्कय आहे. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी वसुली करता करता आपले खिसे भरलेला. येशूला बघायला तो उंबरावर चढला होता. येशू त्या उंबराखाली थांबून वर बघत म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयाने एक दमडी परत केली नव्हती, करीन असंही म्हटलेलं नव्हतं. पापी माणसाकडे उतरायला गेला म्हणून लोक कुरकुरले, ते त्यामुळेच. आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. लेवीय 6 प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढ्यावर भागत होतं. चौपटीची भाषा त्याच्या तोंडी आली, कारण येशू आधीच त्याच्याकडे उतरायला निघाला होता. फेड त्यानेही केली, तुम्हालाही करायची आहे. फक्त ती दयेचं भाडं म्हणून नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, आणि ते मला फार अस्वस्थ करतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने पैसे परत केले. 30ची 30 चांदीची नाणी, एकही ठेवून न घेता. मत्तय 27 सांगतो की त्याला पस्तावा झाला आणि निर्दोष माणसाला धरून दिल्याचं त्याने तोंडाने कबूलही केलं. तुमच्या हिशेबाने त्याची फेड पूर्ण झाली होती. पण तो गेला कुणाकडे? याजकांकडे, ज्यांनी ते पैसे दिले होते. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघून गेला. येशूला नाकारणाऱ्या पेत्राकडे मात्र परत करण्यासारखं काहीच नव्हतं. तीनदा ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हटलेलं कोणत्या पाकिटात घालून पाठवणार? तो ढसाढसा रडला, पण राहिला इतर शिष्यांबरोबरच. योहानाच्या शुभवर्तमानात त्याने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, आणि पुनरुत्थानानंतर तलावाकाठी येशूने त्याला तीनदा ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ विचारलं तेव्हाही शेजारी कोळशाचाच विस्तव होता, त्यावर मासे भाजत ठेवलेले. आधी न्याहारी झाली, प्रश्न नंतर.

मिरजेत ऑपरेशन करून घेतलेल्या माणसाला तर हे सांगावंही लागू नये. 1894 साली डॉक्टर वॉनलेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरचीच नव्हे तर पार कर्नाटकातली माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतात. बरा होतो आणि मग डॉक्टरला दाखवतो, असं तुम्ही गेल्या वर्षी म्हणाला नाहीत. निरोग्यांना वैद्य लागत नाही, दुखणाइतांना लागतो, हे येशूने लेवीच्या घरी जकातदारांच्या पंगतीला बसूनच सांगितलं होतं.

आता इब्री 6. तुमच्या प्रचारकांनी 4 ते 6 ही वचनं वाचली आणि बहुतेक तिथंच पुस्तक मिटलं. 9वं वचन वाचलं असतं तर लेखक लगेच म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. ते कडक बोल ख्रिस्तालाच सोडून देणाऱ्यांविषयी, त्याला उघड नामुष्की आणणाऱ्यांविषयी आहेत. ज्याला परत यायचंय आणि वाट सापडत नाही, त्याच्या तोंडावर दार लावायला नाहीत. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी दया मिळावी म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या, असं बोलावणं आहे. जो पश्चात्तापासाठी झोप घालवून बसलाय त्याला पश्चात्ताप अशक्य आहे म्हणणाऱ्या प्रचारकांचं मला नवल वाटतं. सभेत टाळ्या मिळतात, घरी जाऊन एखादा माणूस मोडतो.

आणि हा वाद आजचा नाही. सन 250 मध्ये रोमी सम्राट डेशियसने सगळ्यांनी देवतांना बळी अर्पावा असा हुकूम काढला. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी अर्पण केलं, तर काहींनी अर्पण न करताच पैसे चारून तसा दाखला मिळवला. मिसरात असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. छळ ओसरल्यावर ही माणसं मंडळीच्या दारात आली. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, यांना मंडळीत परत जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बाजूचे इतर म्हणाले, पश्चात्तापाची रीत पाळू दे, पण परत घ्यायचं. मंडळीने दुसरी वाट धरली. पुढे 325 साली निकेयाच्या परिषदेने नोव्हेशियनच्या पंथातून परत येऊ पाहणाऱ्यांना अट घातली, की छळात पडून नंतर परतलेल्यांबरोबर सहभागितेला बसू, असं लेखी द्या. मला ही अट फार आवडते. त्याच परिषदेने हेही ठरवलं, की मरणाच्या दारात असलेल्या पश्चात्तापी माणसाला प्रभुभोजन नाकारायचं नाही, त्याची मुदत पूर्ण झालेली नसली तरी. ‘फेडायचे राहूनच गेलो तर’ या तुमच्या भीतीला मंडळीने 1700 वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलंय.

आपल्याकडे शेजारीपाजारी म्हणतात, केलेलं इथंच फेडावं लागतं. ते आपल्याही हाडीमाशी खिळलंय. पण विठोबाला पतितपावन म्हणत वारीला जाणारीही हीच माणसं. नारायण वामन टिळक म्हणायचे, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि 1917 मध्ये आमच्या साताऱ्यातच त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. तेव्हा दया म्हणजे मिशनऱ्यांनी बोटीतून आणलेली वस्तू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

तुमच्या कॅथलिक मित्राचं अर्धं बरोबर आहे. कबुलीत ऐकलेलं फादर कधीच, कुणालाही, कशासाठीही सांगत नाहीत. ते बंधन पक्कं आहे. पण तो संस्कार त्यांच्या मंडळीच्या लोकांसाठी आहे, काही अपवाद सोडले तर इतरांना दिला जात नाही. आणि ‘मिटून जाईल’ हे तर सपशेल चूक. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय, की पापमुक्ती मिळाली तरी झालेलं नुकसान भरून द्यायचं असतं, आणि त्याची जी उदाहरणं दिलीत त्यात चोरलेली वस्तू परत करणं आहे आणि ज्याची बदनामी झाली त्याचं नाव पूर्ववत करणंही आहे. म्हणजे फादरनीही तुम्हाला पुण्याच्या गाडीतच बसवलं असतं.

कारण, भाऊ, खरं देणं 80 हजारांचं नाहीच. तुम्ही पत्रात पैशाचा आकडा कसा चोख दिलाय, आणि त्या मुलाला तीन-चार ओळी. पैसे छपराचे होते, छप्पर आज ना उद्या होईल. नाव त्याचं होतं. ज्याला कुणी चोर म्हटलं नाही त्याला ‘मी चोर नाही’ असं म्हणायचीही सोय राहत नाही. तुमच्या गुप्तदानाची पाकिटं येत गेली तशी कुणी असंही बोललं असेल, की पोराचं मन खातंय, पुण्याहून पाठवतोय वाटतं. हा विचार तुमच्या मनात आला होता का? त्या पाकिटांनी त्याच्यावरचा संशय वाढलाही असेल.

म्हणून पाकिटं बंद करा. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. थांबायचं ते अर्पणाने. तुम्ही उलट केलंत, अर्पण चालू ठेवलंत आणि स्वतः थांबलात. या रविवारी उपासनेला जा. मागे बसा, कुणाशी बोलला नाहीत तरी चालेल. पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणा. प्रभुभोजनाचं पाळकसाहेबांशी बोलल्यावर ठरवा. ते म्हणाले काही दिवस थांबा, तर मुकाट्याने थांबा. घरात राहून थांबणं आणि घर सोडून थांबणं यात फरक आहे.

बायकोला आज सांगा. तुमची पथ्यं सांभाळणाऱ्या बाईला हे मंडळीत चारचौघांकडून कळलं तर ते दुसरं पाप होईल.

मग पुणे. अचानक त्याच्या दारात उभे राहू नका, आधी फोन करून विचारा की येऊ का. तो नको म्हणाला तर पत्र लिहा, त्यात स्पष्ट वाक्य असू दे: पैसे मी घेतले, तुझ्यावर संशय गेला तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. अवकाळी, बाग, कर्ज यातलं काही त्यात घालू नका. आणि कृपा करून त्याच्याकडे क्षमा वसूल करायला जाऊ नका. देवाने तुम्हाला क्षमा केली म्हणजे त्यानेही केलीच पाहिजे, असा हक्क तुम्हाला मिळत नाही. सत्तर वेळा सात क्षमा कर हे वचन त्याला ऐकवायचा अधिकार सगळ्या जगात कुणाला नसेल तर तो तुम्हाला नाही. तो शिव्या देईल, फोन आपटेल, कदाचित वर्षभराने उत्तर देईल. ते त्याचं त्याच्यापाशी.

त्यानंतर पाळकसाहेब. लेखी द्या: किती घेतले, कधी घेतले, पाकिटातून किती आणि कसे आले. राहिलेले 80 हजार आणि मूळ रकमेचा पाचवा हिस्सा म्हणजे 28 हजार, असे 1 लाख 8 हजार कसे देणार याची तारीखवार बोली करा, आणि पावती घ्या. पाचवा हिस्सा कुणी मागणार नाही, पण मला वाटतं तुम्हाला तो देऊन बरं वाटेल. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर हे प्रकरण विश्वासघाताच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. तेव्हा लेखी देण्याआधी एखाद्या वकिलाला भेटा. वकिलाला भेटणं म्हणजे पश्चात्तापातून पळ काढणं नव्हे. आणि कायद्याने काही भोगावं लागलंच, तर देवाने क्षमा केली नाही असा त्याचा अर्थ लावू नका. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला ‘परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे’ असं सांगितलं, तरी पुढचं दुःख त्याला चुकलं नाही.

मंडळीत काही जण तोंड फिरवतील. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊही आत यायला तयार नव्हता. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, पण तो आत गेला की नाही हे लूकने सांगितलेलंच नाही. तुम्ही त्यांची समजूत काढायच्या भरीस पडू नका, ते बापाचं काम.

एकच गोष्ट मात्र पाळकसाहेबांवर सोडू नका. जिथं त्या मुलाचं नाव गेलं तिथंच, उपासनेनंतर मंडळीसमोर, ते परत यायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून. पण त्याच्या आईला ते तिथं पहिल्यांदा कळता कामा नये. आदल्या दिवशी तुम्ही दोघं नवरा-बायको तिच्या घरी जा. बसा म्हणाली नाही तर उभ्याउभ्या सांगा, आणि तिचं बोलून होईपर्यंत निघू नका.